लहान मुलांना घेऊन अंदमानला जाताना कशाची काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी सव्वा वर्षाची, डिसेंबरची तिकिटं काढून झालीत आणि आता घरचे घाबरवताहेत: डास चावतील, मगरी आहेत, बेटावर आजारी पडलं तर डॉक्टर कुठून आणणार. मी ठाण्यात मुलांच्या वॉर्डात नर्स आहे आणि माझी मुलं या वयाची असताना त्यांना अंदमानच्या हॅवलॉक आणि नील बेटांवर नेऊन आणलंय. ताई, जरूर जा. फक्त काळजीचा क्रम बदला. घरचे सांगतात ते धोके खोटे नाहीत, पण या वयाच्या मुलांना त्याहून मोठा धोका असतो तो गुडघाभर पाण्यात, जुलाबात आणि भाड्याच्या स्कूटरवर.

आधी पाण्याचं बोलते. बुडणारं मूल ओरडत नाही. नाकातोंडात पाणी जात असताना श्वासच मिळत नाही, मग हाक कुठून मारणार? मिनिटभराच्या आत सगळं होऊन जातं. तेही आसपास मोठी माणसं असताना, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याचं लक्ष आहे. म्हणून आम्ही पाळ्या लावायचो. ज्याची पाळी, त्याने "आता मी बघतोय" असं तोंडाने सांगायचं, मोबाईल दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि मुलापासून हातभर अंतरावर पाण्यात उभं राहायचं. किनाऱ्यावर खुर्ची टाकून लक्ष ठेवणं या वयाला पुरत नाही. फुगवायची ट्यूब आणि दंडातले फुगे ही खेळणी आहेत, वाऱ्याबरोबर ती बघता बघता आत जातात. लाइफ जॅकेट घरूनच घेऊन जा, मुलाच्या वजनाचं आणि दोन पायांमधून पट्टा येणारं. घालून झालं की खांद्यांपाशी धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात मूल त्यातून खाली निसटेल. आजी-आजोबा येतो म्हणत असतील तर आनंदाने न्या, दोन मुलांमागे दोनच मोठे म्हणजे कुणालाच उसंत नाही.

मगरी खरंच आहेत. 2010 साली हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ, नील्स कोव्हमध्ये, स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्याखाली बघत पोहणं) करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीने जीव घेतला होता. या खाऱ्या पाण्यातल्या मगरी खाड्यांत आणि खारफुटीत राहतात. त्यामुळे खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि अंधार पडल्यावर पाण्यात पाय घालायचा नाही. धोक्याची पाटी लावलेली असेल तर तिच्यावरची सूचना मोडायची नाही, जीवरक्षक जिथे असतील तिथेच उतरायचं. एवढं पाळलंत तर मगरीच्या भीतीने झोप उडवायचं कारण नाही.

उन्हाचं एक गणित सहसा कुणी सांगत नाही. अंदमान मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ 20 रेखांश आहे, पण घड्याळ तेच. म्हणजे सूर्य तिथे सुमारे 80 मिनिटं पुढे असतो. सकाळचे नऊ वाजले की डोक्यावर आपल्याकडचं सव्वादहाचं ऊन, आणि वर पांढऱ्या वाळूची चमक. तिथे पाचला उजाडतं, मुलंही लवकर उठतात, तर सहा ते आठ पाण्यात खेळवा आणि मग थेट साडेतीननंतर काढा. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो हेही लक्षात असू द्या. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा क्रीमपेक्षा भरवशाचा.

आता जुलाब. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते आणि ती सगळी एकदम लिटरभर पाण्यातच घालायची. आमच्या वॉर्डात अशी कितीतरी मुलं येतात ज्यांना घरी अर्धी पुडी एका पेल्यात ढवळून पाजलेली असते. अशाने अंगातलं मीठ वाढतं आणि मूल जास्तच खालावतं. लिटरची बाटली हाताशी नसेल तर 200 मिलीच्या छोट्या पुड्या मिळतात, त्या घ्या. उलटी होत असली तरी चमच्या-चमच्याने, दर मिनिट-दोन मिनिटांनी देत राहा. उरलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्या. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर 2025 मध्ये अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली ती याचसाठी. सहा तास शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल मलूल पडून आहे, यातलं काहीही दिसलं की वाट बघू नका, डॉक्टर गाठा.

हॅवलॉकला सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण मोठं रुग्णालय म्हणजे पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत. शहराचं नाव आता श्री विजय पुरम झालंय. मध्ये दीड-दोन तासांची बोट आणि रात्री बोटी नाहीत. म्हणून मुलाला संध्याकाळी बरं वाटत नसेल तर "सकाळी बघू" म्हणण्याआधी शेवटची बोट किती वाजता सुटते ते विचारा. पॅरासिटामॉलचा मुलांच्या वजनाप्रमाणे डोस आणि बोटीत उलटी झाली तर काय द्यायचं, दोन्ही तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि फ्लूच्या लसी झाल्यात का, तेही तेव्हाच बघा, निघायच्या आदल्या दिवशी नको.

स्कूटरबद्दल मी कडक आहे. तिथे पर्यटक पोराला पुढे उभं करून, बिनहेल्मेटचं फिरवतात. फेब्रुवारी 2023 पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधायचा पट्टा लागतो, वेग 40 च्या आत. भाड्याच्या दुकानात हे मिळेल अशा भरवशावर राहू नका. सरळ जीप किंवा रिक्षा करा.

डासांचं म्हणाल तर डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही हवी. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, खाज फार सुटते. मुलांची नखं कापून न्या, खाजवून जखम चिघळते ती नखांनीच. घरी परतल्यावर महिनाभरात ताप आला तर आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने देऊ नका आणि दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा की आम्ही अंदमानला जाऊन आलोय. नाहीतर साधा व्हायरल समजून औषध मिळेल आणि मलेरियाची, डेंग्यूची तपासणी राहून जाईल.