जागलीच्या दिव्याची तार सुटते

प्रश्न : फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट ८ एएच बॅटरीवर जागलीसाठी १० वॅटचा एलईडी दिवा जोडला. सोल्डर केलेली तार दोन-चार दिवसांत सुटते. परवा तार तापून तिचं प्लास्टिकही वितळलं. काय चुकलं?
– एक शेतकरी, आर्णी (जि. यवतमाळ)

उत्तर : तापलेल्या तारेचं आधी पाहा. दिव्याला एक अँपिअरही लागत नाही, पण दोन तारा एकमेकींना टेकल्या तर हीच बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते. म्हणून प्लसच्या तारेत, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, २ अँपिअरचा फ्यूज हवाच.

बॅटरीच्या पत्तीवर (तार जोडायच्या टोकावर) थेट सोल्डर करू नका. उष्णतेनं पत्तीच्या बुडाचं सील सुटतं, आम्ल झिरपतं. पत्तीच्या मापाची लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवून पत्तीवर सरकवायची धातूची टोपी, घ्या (४.८ किंवा ६.३ मिमी), ती तारेला बॅटरीपासून दूर, मोकळ्यावर जोडा आणि मग पत्तीवर सरकवा. लिथियम सेल असेल तर त्याला सोल्डरची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) लावूच नका, होल्डर वापरा.

आता जोड. तार खरवडून चकचकीत करा. फ्लक्स म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप; पत्र्याच्या कामाचं आम्लाचं फ्लक्स तार खाऊन टाकतं, राळेचंच घ्या. इस्त्री साधारण ३५० अंशांवर, तारेला दोन-तीन सेकंद टेकवा, सोल्डर तारेवर वितळू द्या. थिजेपर्यंत हलवू नका. ६०/४० सोल्डरचा (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) जोड मळकट, दाणेदार दिसला तर तो कच्चा आहे.

बॅटरीवर औषधाचे शिंतोडे असतात, ते आधी हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसा. या सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा हात साबणानं धुतल्याशिवाय खर्रा तोंडात टाकू नका.