ट्रेलर १६,९०० चा, पण स्लाइड-आउटचा खर्च गाडीवर पडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशिगनमध्ये नोव्हायला राहणारं कुटुंब, नवराबायको दोघंही ऑटो सप्लायर कंपन्यांत, दोघं एच-१बी वर, मुलं ९ आणि ५ वर्षांची, उन्हाळ्यात नाशिकहून आई-बाबा येतात. यांना छोटा हायब्रिड ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचाय, २१ फुटी, म्हणजे भिंती पक्क्या पण दोन्ही टोकांना कॅनव्हासचे बेड बाहेर उघडतात, आणि मधे एक स्लाइड-आउट, बटण दाबलं की सोफ्याचा भाग भिंतीसकट बाहेर सरकतो. पर्याय दोन, २०१७ चा वापरलेला १६,९०० डॉलरला किंवा नवा ३३,५०० ला, ७,५०० डाउन, टॅक्स धरून बाकी २८,००० चं लोन १२ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी, हप्ता ३१९. गाडी टोयोटा हायलँडर व्ही६. बचत खात्यात ४१,०००, महिन्याचा खर्च ६,८००. डिसेंबरात भावाच्या लग्नाला भारतात जायचंय, त्याचे ९,००० बाजूला काढायचेत. "घ्यावा का, आणि कुठला?"

आधी नव्याचं संपवतो कारण त्यात फार बोलण्यासारखं नाही. ३१९ ऐकायला बरं वाटतं, पण १२ वर्षांत तुम्ही जवळजवळ ४५,९०० भरता, त्यातले १७,९०० निव्वळ व्याज. आणि पाच वर्षांनी मुलं मोठी झाली, कंटाळा आला, नोकरी बदलून टेक्सासला जायची वेळ आली तर लोनचे १९,८०० शिल्लक असतील, आणि तेव्हा पाच वर्षं जुन्या ट्रेलरला तेवढे येतीलच असं मी तरी धरणार नाही, म्हणजे विकायला स्वतःच्या खिशातून पैसे घालावे लागतील. डीलरने सांगितलं की ट्रेलरमध्ये बेड, किचन, टॉयलेट आहे म्हणून तो सेकंड होम धरतात आणि व्याज टॅक्समधून वजा होतं. नियम खरा आहे हो, पण तो फक्त आयटमाइझ करणाऱ्यांसाठी, म्हणजे सरसकट वजावट न घेता एकेक खर्च दाखवून वजा करणाऱ्यांसाठी. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून तुमचं घराचं व्याज ९,८००, प्रॉपर्टी टॅक्स आणि मिशिगनचा इन्कम टॅक्स मिळून १२,२००, त्यात ट्रेलरचं पहिल्या वर्षाचं साधारण २,४५० घातलं तरी बेरीज २४,४५०, आणि २०२६ साठी जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ती सरसकट वजावट, आहे ३२,२००. फायदा शून्य. नवीन गाड्यांच्या लोनच्या व्याजावर जी नवीन सूट आली आहे ती कार, एसयूव्ही, पिकअप वगैरेंना आहे, ओढायच्या ट्रेलरला नाही.

तर नवा बाद. आता वापरलेला, आणि इथे मला जास्त वेळ लागणार आहे, कारण १६,९०० हा आकडा तसा वाईट नाही, तुम्ही चौकशीही बरी केली आहे, फक्त ज्या दोन गोष्टींसाठी तुम्हाला हा ट्रेलर आवडलाय त्या दोघींचा खर्च किमतीच्या चिठ्ठीवर नाहीये.

आधी स्लाइड-आउटचं बघू. मिशिगनच्या पावसात सहा माणसं आत अडकली की ते अडीच-तीन फूट सोन्यासारखे वाटतात, मी नाकारत नाही. पण त्याचं वजन काही शे पाउंड असतं. तुम्ही लिहिलंय की ट्रेलरचं ड्राय वेट ४,३५० पाउंड आणि हायलँडर ५,००० ओढते म्हणजे भरपूर जागा आहे. ड्राय वेट म्हणजे रिकामा. त्यात गॅस आणि बॅटरी मिळून १०० धरा, २० गॅलन पाणी म्हणजे १६६, भांडी, कुकर, गाद्या-पांघरुणं, खुर्च्या, मुलांच्या सायकली, डाळ-तांदूळ मिळून ४५० (आपली माणसं ४५० वर थांबली तर मला आश्चर्य वाटेल). झाले ५,०६६. मर्यादा ओलांडलीत, आणि गाडीतली माणसं अजून मोजलेलीच नाहीत.

त्याहून महत्त्वाचं टंग वेट, म्हणजे ट्रेलरची मान गाडीच्या हिचवर (मागच्या लोखंडी जोडणीवर) जेवढं ओझं टाकते ते. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं नाहीतर ट्रेलर मागे डावीउजवीकडे झुलायला लागतो. १२ टक्के धरले तरी ६०० च्या वर जातं, तुमच्या हिचची मर्यादा ५०० च्या आसपास असेल, मॅन्युअलमध्ये आणि हिचच्या लेबलवर दोन्हीकडे बघा, कमी असेल तो आकडा खरा. आणि हे ६०० गाडीच्या पेलोडमधूनही वजा होतात. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीत पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून कमाल किती ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा तो १,४०० म्हणतोय. चार मोठी, दोन लहान मिळून ७२५ च्या पुढे, वर ६००, उरले सत्तरेक पाउंड, त्यात हिचचं लोखंड आणि डिकीतल्या बॅगा. आई-बाबा आले की तुम्ही मर्यादेबाहेर, आणि ट्रेलर घ्यायचं निम्मं कारण तर आई-बाबाच आहेत ना! (तुमची व्ही६ आहे म्हणून ५,००० तरी, तीच हायलँडर हायब्रिड इंजिनची असती तर ३,५०० वरच विषय संपला असता.)

म्हणजे हा ट्रेलर सुखाने ओढायचा तर मोठी एसयूव्ही किंवा पिकअप लागणार. तुमची हायलँडर देऊन वापरलेली टाहो किंवा एफ-१५० घ्यायची तर वर किती घालावे लागतील ते तुम्हीच डीलरकडून विचारून घ्या, पण तो आकडा ट्रेलरच्या किमतीच्या शेजारी मांडायचा, आणि मग ती गाडी रोज ऑफिसला नेताना जे जास्त पेट्रोल जाईल तेही. तुमच्या केसमध्ये स्लाइड-आउटचे पैसे असे गाडीत जातात.

दुसरी गोष्ट कॅनव्हास. पाऊस पडला, किंवा नुसतं रात्री सहा जणांच्या श्वासाने आतून दव धरलं, आणि रविवारी सकाळी चेकआउट म्हणून तुम्ही तसंच ओलं बंद करून आलात, तर एक-दोन दिवसांत कुठेतरी परत उघडून पूर्ण वाळवावं लागतं नाहीतर बुरशी धरते, गादीखाली आधी. बुरशीचे डाग जात नाहीत आणि वास तर अजिबात जात नाही, आणि विकताना ग्राहक दार उघडल्या उघडल्या नाक मुरडतो. तुम्ही टाउनहाउसमध्ये राहता, असोसिएशन ड्राइव्हवेत ट्रेलर एक रात्रीच्या वर उभा करू देत नाही हे तुम्हीच लिहिलंय, म्हणून ९५ डॉलर महिन्याचं स्टोरेज बघितलंत. ठीक. पण तिथे दोन्ही टोकांचे बेड उघडून दिवसभर ठेवता येतात का ते विचारलंत? बऱ्याच ठिकाणी दोन ट्रेलरमध्ये जेमतेम दार उघडण्याएवढी जागा असते. तिथे नाही म्हणाले तर सोमवारी ऑफिसनंतर ओला ट्रेलर घेऊन कुठे जाणार? ज्याच्या घरामागे मोकळी जागा आहे त्याला हा प्रश्नच येत नाही, तुम्हाला प्रत्येक पावसाळी वीकेंडला येणार.

आणखी तीन व्यवहाराच्या गोष्टी, पैशाच्या नाहीत पण पैसे वाया जाण्याच्या आहेत. कॅनव्हासचे बेड उंचावर असतात, चढून जावं लागतं, गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईंना ते जमणार नाही, त्या खालच्या सोफ्यावर झोपणार, तोच सोफा सकाळी सगळ्यांना बसायला हवा, म्हणजे "आठ जण झोपतात" हे ब्रोशरमधलं वाक्य तुमच्या घरासाठी नाही. आणि स्लाइड आत असताना टॉयलेटपर्यंत जाता येतं का ते बघा, काही लेआउटमध्ये सोफा वाटेतच येतो, मग हायवेवर थांबलात तरी पूर्ण स्लाइड बाहेर काढल्याशिवाय आत जाता येत नाही. यलोस्टोनचं स्वप्न लिहिलंय, तिथला फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क अस्वलांमुळे फक्त पक्क्या भिंतींच्या ट्रेलरसाठी आहे, कॅनव्हासची टोकं चालत नाहीत.

आता तुमचा हिशोब मांडतो, गाडी बदलायची नाही असं क्षणभर धरून. किंमत १६,९००, त्यावर मिशिगनचा ६ टक्के टॅक्स १,०१४, ट्रेलरची एकदाच भरायची प्लेट या वजनाला २००, हिच आणि ब्रेक कंट्रोलरचे (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) १,००० धरा, झाले १९,११४. पाच वर्षांनी १०,५०० ला विकला असं मी धरतोय, म्हणजे वर्षाला १,२८० घसरण आणि ते एकदाचे खर्च वर्षाला वाटले तर ४४३. स्टोरेज १,१४०. इन्शुरन्स ३००. दुरुस्तीला १,०००, नऊ वर्षं जुना ट्रेलर आहे, स्लाइडची रबरी सील, छताचं सीलंट, कॅनव्हासची शिवण, काहीतरी निघणारच. टायर आणि थंडीआधी पाइपांतून पाणी काढून अँटिफ्रीझ भरणं याला २५०. आणि एवढे पैसे ४ टक्क्यांच्या खात्यात असते तर मिळालं असतं ते ७६०. एकूण वर्षाला ५,१७० च्या आसपास, ट्रेलर हललाही नाही तरी.

तुम्ही म्हणता वर्षाला ३० रात्री जाऊ. जाल का? मिशिगनचा सीझन मे ते ऑक्टोबर, त्यात शनिवारी सॉकर, रविवारी मराठी शाळा, गणपतीचा कार्यक्रम, दर दोन वर्षांनी भारतवारी, आणि लडिंग्टनसारख्या स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, उन्हाळ्यातले वीकेंड पटकन संपतात. मी १८ रात्री धरतो आणि तेही उत्साहात. १८ रात्रींना एका रात्रीचे २८७ पडले, साइटचं भाडं आणि पेट्रोल वेगळं. याउलट आउटडोअरसी किंवा आरव्हीशेअरवर भाड्याचा ट्रेलर इन्शुरन्स, सफाई धरून रात्रीला १९० ला मिळाला, आणि मालक स्वतः कॅम्पग्राउंडला आणून उभा करून देणारा मिळाला, तर १८ रात्रींचे ३,४२० होतात, जे तुमच्या आत्ताच्या सुट्टीच्या ३,५०० च्या बजेटमध्ये बसतात. तिथे वजनाचा प्रश्न नाही, मॅकिनॉ ब्रिजवर वाऱ्यात ट्रेलर सांभाळायचा नाही, ओला कॅनव्हास मालकाची डोकेदुखी. स्वतःचा परवडायला याच आकड्यांनी २७ च्या वर रात्री लागतात.

"आम्ही न वापरू तेव्हा आम्हीच भाड्याने देऊ" असंही लिहिलंय. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय हे करू नका. एच-१बी वर घरबसल्या येणारं भाडं वेगळं आणि ट्रेलर नेऊन देणं, साफ करणं, ग्राहक सांभाळणं वेगळं, यातली दुसरी गोष्ट नोकरीबाहेरचं काम धरली जाऊ शकते. शिवाय साधी इन्शुरन्स पॉलिसी भाड्याने दिलेल्या काळात बहुतेक वेळा चालत नाही.

आणि एच-१बी निघालाच आहे तर खरं कारण सांगतो ज्यामुळे मी या वर्षी नको म्हणतोय. तुमचे ४१,००० म्हणजे बरोबर सहा महिन्यांचा खर्च, ४०,८००. त्यातून लग्नाचे ९,००० गेले की ३२,०००, ट्रेलर घेतला की १२,९०० च्या आसपास, दोन महिनेसुद्धा नाहीत. नोकरी गेली तर नवी शोधायला नाहीतर देश सोडायला तुमच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस, आणि दोघंही एकाच इंडस्ट्रीत, जिथे ऑर्डर कमी झाल्या की दोन्ही कंपन्या एकदमच कात्री लावतात. तुमच्याएवढेच पगार असलेल्या ग्रीन कार्डवाल्या मित्राला मी तीन महिन्यांवर कदाचित हो म्हटलं असतं. तुम्हाला नाही.

मग काय करायचं तर, जे ३१९ आणि ९५ महिन्याला सहज देऊ म्हणालात ते ४१४ या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाका, आणि या उन्हाळ्यात स्लाइड-आउटवालाच हायब्रिड भाड्याने घ्या, आई-बाबा असताना, एकदा तरी चार-पाच रात्री सलग, पावसाचा अंदाज असला तरी कॅन्सल न करता. बाहेर काढणं-आत घेणं, कॅनव्हास पुसणं, रात्री गारठ्यात हीटर चालू असूनही कापडी टोकाला किती थंड वाटतं, हे सगळं त्यात कळेल. सप्टेंबरपर्यंत प्रत्यक्ष किती रात्री झाल्या ते मोजा. दोन सीझन २७ च्या वर गेलात आणि ते खाते भरतंय आणि सहा महिन्यांचा फंड शाबूत आहे, तर रोखीने घ्यायला माझी हरकत नाही. हायलँडर तीच ठेवणार असाल तर स्लाइड नसलेला, भरून ४,२०० च्या आत बसणारा बघा. स्लाइड हवीच असेल तर हायलँडर नाहीतरी बदलायची वेळ येईल तेव्हाच, आणि स्टोरेजवाल्याकडून बेड उघडू देण्याचं लेखी घेऊन.

घ्यायची वेळ आली की मिशिगनमध्ये सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात बरी, अजून एक हिवाळा कोण सांभाळणार म्हणून विकणारे नरम असतात. पण पाइपांतलं पाणी काढून टाकायच्या आधी जा, नंतर गेलात तर नळ, हीटर, पंप काहीच चालवून बघता येत नाही. दोन्ही बेड आणि स्लाइड तुमच्यासमोर उघडायला लावा, स्लाइडच्या कोपऱ्यात जमिनीवर पायाने दाबून बघा, मऊ लागली तर पाणी शिरलंय, बाहेरच्या भिंतीवर फुगवटे असतील तरी तेच, आणि टायरवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, चार नव्या टायरचे पैसे किमतीतून कमी करून मगच बोला.