डम अ डू, डम अ डा आणि आपली झील

प्रश्न असा आहे: मेटॅलिका या अमेरिकन रॉक बँडच्या 'व्हिस्की इन द जार' या गाण्यात (मूळ आयरिश लोकगीत, एका वाटमाऱ्याची गोष्ट) कडवं संपलं की 'मुशा रिंग डम अ डू डम अ डा, व्हॅक फॉर माय डॅडी-ओ' असं काहीतरी येतं. त्याचा अर्थ काय? ही भाषा कुठली? आणि अशा निरर्थक ओळीला मराठीत काय म्हणतात?

आधी एक कबुली. हे गाणं गाडीत पहिल्यांदा लागलं तेव्हा मागच्या सीटवरून भाची म्हणाली, "मामा, हा 'मिशा रंगव' का म्हणतोय?" तेव्हापासून मला ते तसंच ऐकू येतं, इलाज नाही. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे तेही सुटलेले नाहीत. 'व्हॅक फॉर माय डॅडी'चं 'वर्क फॉर माय डॅडी' ऐकणारे आहेत. त्यांच्या लेखी मग नायक बापाच्या धंद्यात लागलेला वाटमाऱ्या होतो. 'रिंग'च्या जागी कोणी 'रेन' लिहितं, की लगेच आयर्लंडचा पाऊस आणि त्यासोबत नायकाची उदासी आलीच. आपला कान रिकामा शब्द फार वेळ सोसत नाही, त्यात काहीतरी भरून मोकळा होतो.

आता मुद्द्याचं. या ओळीत खराखुरा शब्द एकच आहे: 'मुशा'. आयर्लंडमध्ये जी इंग्रजी बोलतात तिच्यातला हा उद्गार. मूळ आयरिश भाषेतला, 'मा इस या' अशा तीन शब्दांचा घासून गुळगुळीत झालेला खडा. शब्दशः अर्थ 'असं असेल तर'. बोलताना मात्र त्याचं काम आपल्या 'बरं का', 'अगं बाई', 'तर तर!' यांच्यासारखं. वाक्याच्या तोंडाशी येतो, सांगत काहीच नाही, बोलणाऱ्याचा सूर तेवढा लावून देतो. कॉर्क-केरीकडच्या, म्हणजे गाणं जिथे घडतं त्या दक्षिणेकडच्या लोकांच्या तोंडी तो 'विशा' असाही येतो. 'तर तर!'मधल्या 'तर'चा अर्थ विचारला तर तुम्ही काय सांगाल? तेवढाच 'मुशा'चा.

बाकीचं 'रिंग डम अ डू डम अ डा' म्हणजे तोंडाने वाजवलेलं वाद्य. आयर्लंडमध्ये याला लिल्टिंग म्हणतात. फिडल नाही, बासरी नाही, पण नाचायचं तर आहे, मग एकजण तोंडाने 'डिडल डी डम' सुरू करतो आणि बाकीचे पाय उचलतात. तिथल्या पारंपरिक संगीताच्या मोठ्या मेळाव्यांत याची आजही स्पर्धा असते. आपल्याकडे तबलजी तोंडाने 'धा तिरकिट' पढंत करतो, त्याला आपण 'निरर्थक' म्हणत नाही. 'बोल' म्हणतो. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

'डॅडी'ची गोष्ट जास्त गमतीची. डब्लिनर्स या आयरिश लोकगीतं गाणाऱ्या मंडळींनी 1967 साली हे गाणं गायलं त्यात 'व्हॅक फॉल द डॅडी-ओ' आहे. 'फॉल' म्हणजे 'फॉल द रॉल', 'फा ला ला' यांतलं नुसतं अक्षर. 'फिनेगन्स वेक' या दुसऱ्या आयरिश गाण्याच्या ध्रुवपदातही 'व्हॅक फॉल द डा' येतं, म्हणजे हा 'डॅडी' कुणाचा बाप नव्हेच, 'डा'चाच लांबवलेला ठेका. मग 1972 च्या अखेरीस डब्लिनच्याच थिन लिझी या बँडने गाणं रॉकमध्ये आणलं. फिल लायनटचा आवाज, एरिक बेलची गिटार. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. तिथे 'फॉल द'चं 'फॉर माय' झालं. एका अक्षराने कूस बदलली आणि नसलेला बाप जन्माला आला. 1998 मध्ये अमेरिकेच्या मेटॅलिकाने 'गराज इन्क.'मध्ये थिन लिझीचाच पाठ उचलला, त्यावर 2000 साली ग्रॅमीही मिळवलं, आणि आता जगभर डॅडीच रूढ आहे. त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लोकगीतं अशीच चालतात. आयरिश गाणी गोळा करणारे कॉलम ओ लॉखलिन यांनी 1939 च्या 'आयरिश स्ट्रीट बॅलड्स' या संग्रहात हे गाणं छापलं तेच मुळी आठवणीतून. जवळची प्रत हरवली होती, आणि त्यांच्या आईने ते 1870 च्या सुमारास लिमरिकमध्ये कॉर्कच्या एका माणसाकडून शिकलं होतं. अशा वाटेने आलेल्या गाण्याला 'मूळ पाठ' कुठून असायचा!

अक्षर बदललं की अर्थ कसा हलतो याचा याच गाण्यातला आणखी एक दाखला, जरा विषय सोडून. गोष्ट एवढीच: वाटमाऱ्या कॅप्टन फॅरलला लुटतो, पैसे प्रेयसीकडे नेतो, आणि पकडला जातो. डब्लिनर्सच्या पाठात तिचं नाव जेनी. ती त्याच्या पिस्तुलात पाणी भरून ठेवते आणि कॅप्टनला निरोप धाडते. पिस्तूल उडत नाही, गडी सापडतो. थिन लिझीने तिची मॉली केली आणि पाण्याचा प्रसंगच गाळला. तिथे पिस्तूल चांगलं उडतं आणि फॅरलला गोळी लागते. त्यामुळे मेटॅलिकावर वाढलेले श्रोते वाद घालतात, की मॉलीने दगा दिला कधी? बिचारीवर उगाच आळ! तिच्याविरुद्धचा पुरावा गाळला, पण नायकाने तिला दिलेला शाप तेवढा ठेवला. मला विचाराल तर जुना पाठ गोष्ट म्हणून सरस आहे. नवा पाठ गिटारीसाठी आहे.

आता मराठी शब्द. 'ध्रुवपद' चालेल, पण ते पुन्हापुन्हा येणाऱ्या कुठल्याही ओळीला लागू पडतं, अर्थ असो वा नसो. 'पालुपद' तेच, फक्त आता त्याला कटकटीचा वास लागलाय. ('तुझं काय सारखं तेच पालुपद!') पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे राहून जे 'जी जी रं जी जी' म्हणतात ते झीलकरी, आणि ते धरतात ती झील. अर्थाला नव्हे, दमाला आणि सुराला धरून ठेवणारी. शाहीर श्वास घेतो तेवढ्यात झील गाणं पडू देत नाही. 'मुशा रिंग डम अ डू' नेमकं हेच करतं, पबमधल्या सगळ्यांना कडवी पाठ नसतात, झील सगळ्यांना येते. म्हणून माझं मत 'झील'ला. साथीदाराने ओढायची ती 'री'. 'त्याची री ओढू नकोस' असं आपण रोज म्हणतो आणि आपण गाण्यातला शब्द वापरतोय हे विसरलेलो असतो.

'निरर्थक' हा शब्द मात्र टाळा. फुगडीतला 'फू' घ्या. 'फू बाई फू, फुगडी फू' यात 'फू'चा कोशातला अर्थ लावून काही हाती लागत नाही, पण गिरकी घेताना सुटणारा श्वास त्यात आहे, नऊवारीतल्या बायकांची धाप आहे. किंवा भोंडल्याचं 'ऐलमा पैलमा गणेशदेवा'. ऐल आणि पैल, अलीकडचं आणि पलीकडचं, हे कळतं. ऐलतीर, पैलतीर आपल्या ओळखीचे. पुढच्या 'मा'चं काय करायचं? तो 'रिंग डम अ डू'च्याच जातीचा. हत्तीभोवती फेर धरलेल्या मुलींना तो कधी अडला नाही.

उलट टोकही आहे: प्रत्येक अक्षरात दडलेला अर्थ शोधणं. तराण्याबाबत हे मोठ्या माणसांनी केलं. उस्ताद अमीर खाँ तराण्याच्या बोलांत फारसी अर्थ पाहत, 'तू दानी' म्हणजे 'तू जाणतोस' असा. त्यांच्या गळ्यात तो अर्थ शोभायचा. पण 'डम अ डू'त आयरिश स्वातंत्र्याची सांकेतिक भाषा शोधू नका. तिथे पाय आपटण्याचा आवाज आहे, दुसरं काही नाही.

भाषांतर करायचंच असेल तर 'मुशा'ला 'बरं का' किंवा 'अहो' द्या आणि बाकी अक्षरं तशीच ठेवा, नाहीतर सरळ 'जी जी रं जी जी' घाला. मी दुसरा प्रयोग एका कोजागिरीला मित्रांसमोर करून पाहिला. झीलकरी जोरात होते, शाहीर कमी पडला.

आणि हो, 'जार'. भाचीने डोळ्यांसमोर आणली ती आजीची लोणच्याची बरणी, वर दादरा बांधलेली. गाण्यातला जार म्हणजे दारू साठवायचा मातीचा बुधला. शिवाय आयर्लंडमध्ये 'दोन जार घेऊन येऊ' म्हणजे दोन ग्लास मारून येऊ. बरणी घेऊन कुणी पबमध्ये जात नाही.