आल्याच्या कंदकुजीवर ट्रायकोडर्मा खरंच चालतो का? (कोरेगाव, सातारा)

चालतो, पण कूज लागायच्या आधी. खोड पिवळं पडून हातात उपटून आलं की मग ड्रीपमधून कितीही सोडा, तो कंद परत येत नाही. बरेच जण इथंच फसतात आणि औषधाला नावं ठेवतात.

ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे, पण आपल्या बाजूची. कंद कुजवणाऱ्या पिथियमच्या धाग्यांना ती वेटोळं घालते, त्यांचं कवच विरघळवते आणि त्यांच्यावरच जगते. मात्र तिला खायला सेंद्रिय पदार्थ लागतो. नुसती पावडर कोरड्या रानात फेकली तर पैसे मातीत.

आम्ही लावणीआधी पंधरा दिवस सावलीत चांगलं कुजलेलं शेणखत पसरतो. १०० किलोला १ किलो ट्रायकोडर्मा, वर पाण्याचा हलका शिपका, मग ओलं पोतं झाकायचं. मधे एकदा खालीवर करायचं. आठवड्याभरात पोतं उचलून बघा, खतावर हिरवट साय दिसली की काम झालं. तेच गादीवाफ्यात मिसळायचं. ताजं, गरम शेण नको. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक सोडायचं असेल तर दोन्हीत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर आपलीच बुरशी मरते. पुड्यावरची मुदत बघितल्याशिवाय घेऊ नका.

एक मात्र तपासा. रोगट खोड कापून पेलाभर स्वच्छ पाण्यात उभं धरा. दुधाळ धार उतरली तर ती जिवाणूजन्य मर आहे, म्हणजे बुरशीमुळे नव्हे तर जिवाणूंमुळे झाड सुकतंय, तिथं ट्रायकोडर्माच्या भरवशावर राहू नका.