शाळेतील स्काउट पथक नव्याने हाती घेणाऱ्या शिक्षकाला कोणते साहित्य उपयोगी पडेल?

आपण लिहिले आहे की, पुण्यातील एका माध्यमिक शाळेत यंदा स्काउट पथकाची जबाबदारी आपल्याकडे आली, लहानपणी आपण स्वतः कधी स्काउट नव्हतात, आणि इंटरनेटवर इतके साहित्य सापडते की सुरुवात कोठून करावी ते उमगत नाही. मी पुण्यातच बरीच वर्षे पथक चालवतो आहे, त्या आधारावर सांगतो. साहित्य निवडताना कसोटी एकच लावावी. ते हाती आल्यावर मुले स्वतः काही करू लागणार असतील तर ठेवावे. आपल्यालाच फळ्यापुढे उभे राहून बोलावे लागणार असेल तर खुशाल बाजूला सारावे.

सर्वप्रथम भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या जिल्हा कार्यालयात जाऊन स्काउट मास्टरांच्या बेसिक कोर्सची पुढची तारीख विचारावी. हा निवासी कोर्स असतो, आणि त्याचे खरे मोल व्याख्यानांत नाही. तेथे शिक्षकांचेच संघ, म्हणजे पथकात असतात तसे छोटे गट, पाडतात. आपल्यालाच तंबू ठोकावा लागतो, चूल मांडावी लागते, सकाळच्या तपासणीला गणवेश नीट करून उभे राहावे लागते. संघात राहणे म्हणजे काय हे अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. पुढे ॲडव्हान्स्ड कोर्स आणि हिमालय वुड बॅज हे स्काउट मास्टरांच्या प्रशिक्षणाचे वरचे टप्पे आहेतच. वुड बॅजचे प्रशिक्षण इंग्लंडमधील गिलवेल पार्क येथे 1919 मध्ये सुरू झाले आणि त्याची खूण असलेले लाकडी मणी आजही दिले जातात, पण मण्यांची घाई पहिल्याच वर्षी करू नये.

पुस्तकांपैकी तीनच जवळ ठेवावीत. एक म्हणजे संघटनेची नियमपुस्तिका. तिला सगळे ‘एप्रो’ म्हणतात आणि तिचा दुसरा भाग स्काउट विभागासाठी आहे. प्रवेशापासून प्रथम, द्वितीय, तृतीय सोपानापर्यंत (सोपान म्हणजे प्रगतीची पायरी) आणि पुढे राज्य पुरस्कारापर्यंत मुलाला काय काय यावे लागते हे त्यात पाहावे, कोणाच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. दुसरे स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचे ‘एड्स टू स्काउटमास्टरशिप’. ते छोटेखानी आहे आणि मोठ्यांसाठीच लिहिलेले आहे. तिसरे त्यांचेच 1908 मधील ‘स्काउटिंग फॉर बॉईज’. त्यातील माग काढण्याचे आणि निरीक्षणाचे खेळ अजून टवटवीत आहेत, मात्र साम्राज्याविषयीचा मजकूर त्या काळाचा आहे, तो गाळूनच वाचावा. बेडन-पॉवेल 1941 मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवरील स्वामित्वहक्क आपल्याकडे केव्हाच संपला असून ती इंटरनेटवर मोफत मिळतात. गाठींसाठी मात्र पुस्तक नको. ‘ॲनिमेटेड नॉट्स’ या संकेतस्थळावर दोरीची हालचाल टप्प्याटप्प्याने दिसते. क्लोव्ह हिच आणि बोलाइन या गाठी संघनायकांनी, म्हणजे प्रत्येक संघाचे नेतृत्व करणाऱ्या मुलांनी, तेथे पाहून आपापल्या संघाला शिकवाव्यात.

संघनायक हेच खरे तर आपले सर्वांत मोठे साधन आहेत. 1907 मध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी घेतलेल्या पहिल्या स्काउट शिबिरातही मुलांचे चार संघ करून प्रत्येकाला नायक दिला होता. शनिवारची सभा संपली की संघनायकांना पंधरा मिनिटे थांबवून घ्यावे, पुढच्या सभेत काय करायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे आणि आपण वहीत टिपून घ्यावे. सुरुवातीला ते प्रत्येक वेळी कबड्डीच सुचवतील. सुचवू द्यावी.

पुण्यात राहण्याचा फायदा असा की, उत्तम साहित्य दाराशीच आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून 1:50,000 प्रमाणाची टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारे सविस्तर नकाशे, मोफत उतरवता येतात. सिंहगड जुन्या क्रमांकानुसार 47 एफ/15 या शीटवर आहे. तिची मोठी प्रत काढून वर्गाच्या फरशीवर पसरावी आणि पायथ्याच्या आतकरवाडीपासून गडापर्यंतच्या वाटेवर दोरा ठेवायला सांगावे. नकाशावरचे 2 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर, आणि लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये) उंचीचा 20 मीटरचा फरक. दोऱ्याखाली येणाऱ्या रेषा मोजून मुले चढ काढतात. मग 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास, या स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांच्या 1892 मधील हिशेबाने वेळ काढतात. प्रत्यक्ष गडावर गेल्यावर तो हिशेब किती चुकला यावर जी वादावादी होते, तिच्यात नकाशावाचन कायमचे पक्के होते.

आकाशदर्शनासाठी टिळक स्मारक मंदिरातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेशी संपर्क साधावा. 1944 पासून ती हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे. प्रथमोपचार सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या प्रशिक्षकाकडूनच शिकवून घ्यावा, व्हिडिओवर भागवू नये. आपल्या शाळेत गाईड कंपनी, म्हणजे मुलींचे पथकही असेल तर आळंदी रस्त्यावरील ‘संगम’ तिच्या कॅप्टनबाईंना जरूर सुचवा. गर्ल गाईड्सच्या जागतिक संघटनेची जगभरात अशी पाच केंद्रे आहेत आणि हे त्यांपैकी एक, 1966 मध्ये सुरू झालेले.

मुलांच्या सुरक्षिततेविषयी मात्र सविस्तर वाचन आपण स्वतः करावे. जागतिक स्काउट संघटनेचे ‘सेफ फ्रॉम हार्म’ हे धोरण आणि त्यावरील ऑनलाइन अभ्यासक्रम पहिल्या मुक्कामी शिबिरापूर्वी पूर्ण करावा. मुलासोबत एकट्याने बंद खोलीत किंवा तंबूत थांबू नये, सहलीला किमान दोन प्रौढ असावेत, हे नियम मुलाचे रक्षण करतात आणि आपलेही. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेच्या पातळीवर मिटवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांनाही नाही. संकटातील मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक संघनायकांच्याही वहीत असू द्यावा. गडावर जाताना आग्या मोहोळाची चौकशी गावकऱ्यांकडे आधी करावी, धूर आणि अत्तर दोन्ही टाळावे, वनखात्याच्या हद्दीत चूल पेटवू नये. पालकांच्या संमतिपत्रावर दमा, ॲलर्जी आणि चालू औषधे यांसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा आणि त्या पत्रांची एक प्रत शाळेत, एक आपल्या सॅकमध्ये असावी.