खेड्यातल्या मुलाला आर्किटेक्चरचं ड्रॉइंग आणि मॉडेल जमतं का? आधी क्लास लावावा का?

तू लिहिलंयस की बारावी झाली, घर वाशिम जिल्ह्यातल्या खेड्यात, चित्रकला कधी शिकला नाहीस. वर एका क्लासवाल्यांनी सांगितलं की खेड्यातल्या पोरांचा हात ड्रॉइंगला वळत नाही, फाउंडेशन कोर्स केला नाही तर पहिल्या वर्षातच गळून पडशील. जमतं. ‘हात वळत नाही’ हे वाक्य मीही ऐकलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, आर्णी तालुक्यातल्या एका गावची. सध्या पाचव्या वर्षाला आहे. आमच्या शाळेत चित्रकलेचे सर नव्हते, त्यामुळे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा मी दिल्याच नाहीत. पहिल्या सेमिस्टरला रोलर स्केल, म्हणजे समांतर रेघा ओढायची चाकाची पट्टी, हातात आली तेव्हा शेजारची मुलगी ती आधीपासून वापरत होती, एवढाच फरक. तो दिवाळीपर्यंत मिटतो. आडव्या, उभ्या, तिरप्या रेघांच्या शीट सगळ्यांनाच काढाव्या लागतात. पेन्सिल ब्लेडने लांब टोकाची करायची, रेघ ओढताना बोटांत हळूहळू फिरवत न्यायची म्हणजे जाडी शेवटपर्यंत एकसारखी राहते. सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आत दिसेल त्या चित्रात, जे कापलं गेलंय ते जाड, मागे दिसतंय ते बारीक. ही सगळी सवयीची कामं आहेत, यात कुणाची जात, गाव, जन्म काही येत नाही.

खरी गोष्ट मॉडेलची आहे आणि ती मी सविस्तर सांगणार आहे.

दुसऱ्या सेमिस्टरला पारंपरिक घराचं मॉडेल करायचं होतं, 1:20 स्केलला. म्हणजे दहा फूट साधारण पंधरा सेंटिमीटरचे होतात, चांगलं मोठं मॉडेल. बऱ्याच जणांनी पुस्तकातला वाडा निवडला. मी आमचंच घर घेतलं. कुडाच्या, म्हणजे काड्यांवर माती लिंपलेल्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. शनिवार-रविवार गावी जाऊन टेप लावून घर मोजलं. लहान भाऊ टेपचं दुसरं टोक धरायचा. ज्या ओसरीत मी लहानाची मोठी झाले ती किती रुंद आहे, मयाल, म्हणजे आडवी तुळई, किती उंचीवर आहे, छपराच्या माथ्याचं आडं कुठल्या खांबावर टेकलंय, हे तोपर्यंत मला आकड्यात माहीत नव्हतं. घर कागदावर उतरलं आणि पहिल्यांदा कळलं की मागची खोली नंतर जोडलेली आहे, कारण तिथल्या खांबांचं अंतरच वेगळं निघालं.

मग सामान. खांबाला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, घेतल्या. सात मिलिमीटर जाडीची तुराटी 1:20 ला चौदा सेंटिमीटरचा खांब होते, आमच्या घरचे खांब जवळपास तेवढेच आहेत. छताच्या फाट्यांना बुरडाकडच्या टाकाऊ बांबूच्या कमच्या, म्हणजे बारीक पट्ट्या. पायऱ्या आणि ओटा ज्वारीच्या धांड्याच्या गाभ्याचा. लहानपणी आम्ही सगळ्यांनी धांड्याच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, केल्यात, साल काढून तिच्या काड्या गाभ्यात खुपसायच्या की चाक बसतं. तो गाभा ब्लेडने इतका स्वच्छ कापला जातो की मॉडेलसाठी वापरतात ते हलकं बाल्सा लाकूड मला विकत घ्यावंच लागलं नाही. कवेलूंसाठी कोरुगेटेड शीटचा एका बाजूचा कागद ओला करून सोलला आणि एकेक सेंटिमीटरच्या पट्ट्या खालून वर चढवत लावल्या, खऱ्या छपरावर लावतात तशाच.

भिंतींना माती लावायची होती. मी शेतातली आणली तर आजी म्हणाली, "काळी माती काहून आनली वं? वाळली का तडकते ते. पांढरीतली आन." पांढरी म्हणजे गावठाणाची जागा. मग तिथली पांढरी माती चाळून, त्यात शेण आणि थोडा बारीक कापूस मिसळून तुराट्यांच्या बारीक चिपांवर हाताने लिंपली. एकही तडा गेला नाही. आमच्या काळ्या मातीत पाणी शिरलं की ती फुगते आणि वाळली की आकसते, हे पुढे सॉइलच्या लेक्चरला शिकवलं. आजीने ते आधीच सांगून टाकलेलं होतं.

ज्युरीला, म्हणजे काम तपासून मार्क देतात त्या दिवशी, बाहेरून एक आर्किटेक्ट आले होते. माझ्या मॉडेलसमोर मिनिटभर थांबले. म्हणाले, हे क्राफ्टच्या तासाला चाललं असतं, इथे प्रेझेंटेशन क्लीन लागतं, हे फार गावठी दिसतंय. एकही प्रश्न विचारला नाही. पलीकडच्या टेबलावर एमडीएफचं, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचं, मॉडेल होतं, दुकानातून लेझर कट करून आणलेलं, पैसे मोजून. त्याचं कौतुक झालं. त्या मुलाला कुणी विचारलं नाही की छपराचा उतार तेवढाच का घेतलास. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. उतार कमी ठेवला तर कवेलूंच्या खालून पाणी आत येतं, जास्त ठेवला तर कवेलू घसरतात, आणि त्यात वर माकडं उड्या मारतात म्हणून दर उन्हाळ्यात ते फेरावे लागतात. मला पास होण्यापुरते मार्क मिळाले.

पुढच्याच वर्षी स्टडी टूर सेवाग्रामला गेली. 1936 मध्ये गांधीजी तिथे राहायला आले तेव्हापासूनच्या त्या कुटी. माती, बांबू, लाकूड, कवेलू. बापू कुटीसमोर सगळ्यांना बसवून स्केच करायला लावलं. स्थानिक साहित्य, कमी खर्च, हवामानाला साजेसं बांधकाम, सस्टेनेबल, सगळे शब्द ऐकले. मला ते मान्यच आहे, ती जागा मला मनापासून आवडते. पण मग तीच भिंत आर्णी तालुक्यातल्या मुलीने टेबलावर ठेवली की गावठी कशी होते? हा प्रश्न मी त्या दिवशी कुणाला विचारला नाही. आज इथे विचारते आहे. कुडाची भिंत बांधायला येणं ही आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याची जमेची बाजू आहे आणि ज्याला ते दिसत नाही त्याने ज्युरीला बसू नये.

त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की पहिल्या दोन वर्षांत एकही मॉडेल दुकानातून करून आणू नकोस. वर्गातले आणतील, मार्कही घेतील. तरी नको. 1:50 ला नऊ इंची भिंत साडेचार मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे पाच मिलिमीटरचा सनबोर्ड, मॉडेलसाठीचा हलका फोमचा बोर्ड, जवळपास चालतो, हे स्वतः कापल्याशिवाय हाताला कळत नाही. कटर एकदाच जोरात दाबायचा नाही, स्टीलच्या पट्टीला लावून हलक्या हाताने तीन-चारदा फिरवायचा. कोपऱ्याला दोन्ही कडा 45 अंशात कापल्या तर सांधा दिसत नाही. थर्माकोलवर फेविक्विक लावू नकोस, खाऊन टाकतं. आणि फेविकॉल कमी लाव, कागद वाकतो.

ड्रॉइंगसाठी आत्ता, प्रवेशाच्या आधी काय करायचं तर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन बस. कपाशीच्या तासांच्या, म्हणजे ओळींच्या रेषेत बघ. सगळी तासं दूर एका बिंदूकडे जाताना दिसतील. उभा राहून बघ, मग खाली बसून बघ. क्षितिज प्रत्येक वेळी तुझ्या डोळ्यांच्याच उंचीवर येतं. पर्स्पेक्टिव्हचं, म्हणजे लांबचं लहान दिसतं तसं काढण्याचं, पहिलं लेक्चर हेच असतं. मग घरची बंडी काढ, तिफन काढ, जू काढ, पेन्सिल हात लांब करून धरून मापं घेत. फोटो बघून काढू नकोस.

लेझर कटिंग वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, हेही लिहायला हवं. चढ-उताराच्या जमिनीचे कंटूर, म्हणजे एकेका उंचीचे थर, कापायचे असतील किंवा बारीक जाळी असेल तर मी स्वतः आता लेझरवरच करते. तिसऱ्या वर्षापासून कॉम्प्युटरवरचं काम इतकं वाढतं की हाताची शीट कमीच होते. सगळे ज्युरी तसे नसतात, मला दोन मॅडम अशा भेटल्या की त्यांच्यामुळे मी हे शिक्षण सोडलं नाही. आणि खर्च होतो. माउंटबोर्ड, सनबोर्ड, प्रिंट, प्रवास, हे फीच्या वर असतं. घरी आधीच सांगून ठेव.

क्लासचं म्हणशील तर नाटाच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेच्या, सरावापुरता लाव, परवडत असेल तर. अलीकडच्या नाटात हाताने करायच्या भागात रंगाची रचना असते, काळं-पांढरं स्केच असतं आणि दिलेल्या किटमधून त्रिमितीय रचना करायची असते. वेळ लावून हे करायचा सराव लागतो, तो क्लासमध्ये होतो. तुझ्याच गावाकडचा कुणी सीनियर मिळाला तर त्याच्याकडून जुने पेपर घेऊन घरीही होतो. पण जो माणूस तुझी चित्रं न बघता फक्त गावाचं नाव ऐकून हात वळत नाही म्हणाला, त्याला फी देऊ नकोस. दुसरा क्लास शोध.