४०० क्लॅम्पला ४०,००० चा टूलिंग चार्ज?

प्रश्न: आमचं दर्यापूर तालुक्यात वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. डवऱ्याला लागणारे ५ मिमी पट्टीचे, दोन भोकांचे ४०० क्लॅम्प बाहेरून करून घ्यायचे होते. कारखानेवाल्यानं नगाचा दर सांगितला अन् वरून ४०,००० रुपये 'टूलिंग चार्ज'. मशीन त्याचं, हत्यारं त्याची, मग हे पैसे मी काऊन देऊ?

उत्तर: भाऊ, टूल अन् टूलिंग यात गफलत होऊन राहिली तुमची. पाना, हातोडा, ड्रिल मशीन कोणत्याही कामाला चालते. टूलिंग म्हणजे फक्त तुमच्याच क्लॅम्पसाठी बनवावं लागणारं सामान, पंच (प्रेसमध्ये वरून दाबून भोक पाडणारा दांडा), डाय (त्याच्या खालचा भोकाचा ठोकळा), जिग (पट्टी धरून ड्रिलला वाट दाखवणारी प्लेट), साचा असं, जे उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामाचं नाही. आपला सुतार तिफनीच्या दात्यांसाठी खुणा केलेली काठी ठेवतो ना, ते बी टूलिंगच. (यूट्यूबवर शोधाल तर ओलसर चामड्यावर ठसे ठोकून नक्षी काढणारे दिसतील, तेही टूलिंगच म्हणतात, पण ते वेगळं.)

डाय महाग पडते ती फटीपायी. पंच अन् डायमध्ये एका बाजूनं पट्टीच्या जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के फट लागते, म्हणजे तुमच्या पट्टीला पाव ते अर्धा मिमी. कमी पडली की पंचावर जोर येतो, जास्त झाली की भोकाला बर (काठाला धारदार कंगोरा) सुटते अन् मग पोरं बसतात ग्राइंडर घेऊन. त्यात एचसीएचसीआर (जास्त कार्बन अन् क्रोमियमचं) स्टील, हार्डनिंग म्हणजे तापवून कडक करणं, परत ग्राइंडिंग, म्हणजे कारखानेवाला लुटूनच राहिला असं नाही.

तरी तुम्ही देऊ नका. ४०० नगांत नगामागे १०० रुपये नुसत्या डायचे होतात, २०,००० नग असते तर २ च रुपये पडले असते. तुमचं काम ड्रिल जिगवर होते. जाड प्लेट घ्या, पट्टी टेकवायला स्टॉपर लावा, अन् भोकांच्या जागी टर्नरकडून (लेथवाल्याकडून) हार्डन केलेले बुश, म्हणजे कडक नळ्या, करून बसवा, ड्रिल त्यातूनच खाली उतरते, मार्किंगची भानगडच नाही. बुश नाही लावले तर प्लेटचं भोक मोठं होत जाते अन् शेवटचे नग पहिल्याशी जुळत नाहीत. स्टॉपरच्या कोपऱ्यात चुऱ्याला जागा सोडा, मी नव्हती सोडली, चुरा अडकून पट्टी नीट टेकेचना अन् अख्खा ढीग भंगारात गेला.

पुढे मोठी ऑर्डर आली अन् डाय बनवलीच, तर डाय कोणाच्या मालकीची अन् धार लावायचा खर्च कोणाचा, हे आधी बिलावर लिहून घ्या.